एकच गाडी, दोन स्प्रिंगा

२०१७ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात अल्पीन या फ्रेंच कंपनीने ए११० ही छोटी स्पोर्ट्स कार लोकांसमोर आणली. वजन सुमारे १,१०० किलो, सांगाडा ॲल्युमिनियमचा, इंजिन दोन आसनांच्या मागे. दोन वर्षांनी तिची ए११० एस ही आवृत्ती आली. ताकद २५२ वरून २९२ अश्वशक्तीवर गेली, पण महत्त्वाचा बदल चाकांपाशी होता. स्प्रिंगा ५० टक्क्यांनी कडक, वळणावरचं झुकणं रोखणारे अँटी-रोल बार दुप्पट कडक, गाडी ४ मिलिमीटर बुटकी. रस्ता आणि रेसट्रॅक यांच्या मागण्या कुठे फाटतात हे पाहायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. अनेक जाणकार परीक्षकांना पहिली, मऊ गाडीच जास्त आवडली आणि माझा कौलही तिलाच आहे. त्यामागे आवडीनिवडीपेक्षा भौतिकशास्त्र जास्त आहे.

स्प्रिंग किती कडक, हे सांगणारं एक सोयीचं माप आहे. गाडी दाबून सोडली तर ती सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल? आरामशीर कुटुंबाच्या गाडीत हा आकडा एक ते दीड असतो, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये दीड ते दोन, आणि हवेच्या दाबाचा आधार घेणाऱ्या रेसच्या गाडीत तीन किंवा त्याहून बराच जास्त. या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सेकंदाला एक कंप असलेल्या गाडीची स्प्रिंग गाडीच्या नुसत्या वजनाने चाकापाशी सुमारे २५ सेंटिमीटर दबलेली असते. दोन कंपांना हे अंतर ६ सेंटिमीटरवर येतं, तीन कंपांना जेमतेम पावणेतीनवर. समोर खड्डा आला की स्प्रिंग चाकाला फार तर तेवढंच खाली ढकलू शकते. त्याहून खोल खड्ड्यात चाक अधांतरी राहतं, आणि अधांतरी चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं.

शरीराचं गणितही याच मापात बसतं. सेकंदाला चार ते आठ उभे कंप माणसाला सर्वांत जास्त त्रास देतात. स्प्रिंगा कडक करत गेलं की गाडी त्या पट्ट्याकडे सरकू लागते. स्प्रिंग ५० टक्के कडक केली तर कंप २२ टक्के वाढतात, कारण नातं वर्गमुळाचं आहे. पण तेवढे २२ टक्के तासाभराच्या प्रवासात पाठीला नक्की कळतात.

मग रेसवाले स्प्रिंगा कडक का करतात? गाडी वळणावर झुकते म्हणून वजन बाहेरच्या चाकांवर जातं आणि झुकणं थांबवलं की वजन सरकायचं थांबतं, असा समज खोलवर रुजला आहे. तो चूक आहे. किती वजन सरकणार हे गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर ठरवतात. स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार मुख्यतः त्या वजनाची पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये वाटणी ठरवतात. कडकपणाची खरी कारणं निराळी आहेत. गाडी झुकली की चाकही कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. कडक गाडी स्टिअरिंगला चटकन उत्तर देते. आणि सगळ्यांत मोठं कारण हवेचं: रेसच्या गाडीच्या पोटाखालून वाहणारी हवा तिला जमिनीकडे ओढते, आणि पोट व जमीन यांमधलं अंतर काही मिलिमीटरने बदललं तरी ती ओढ बदलते. ते अंतर सांभाळण्यासाठी तिथे दगडासारख्या स्प्रिंगा लागतात. रस्त्यावरच्या बहुतेक स्पोर्ट्स कारना हे तिसरं कारण जवळपास लागूच नसतं, तरी त्याची शिक्षा चालकाने का भोगावी?

डेव्हिड ट्वोहिग यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या ए११० ने बाकीच्या दोन कारणांवर दुसरा इलाज शोधला. पुढे-मागे दोन्हीकडे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन भुजांची, मांडणी दिली. तीत चाकाचा कल भुजांची लांबी आणि कोन सांभाळतात, त्यामुळे गाडी थोडी झुकली तरी टायर बराच सपाट टेकलेला राहतो. हलक्या गाडीला मऊ स्प्रिंग पुरते. जड बार लागत नाही, आणि बार बारीक असला की डाव्या चाकाचा दणका उजव्याला कमी पोचतो. प्रवासाच्या टोकाला रबराच्या ठोकळ्याऐवजी तेलाच्या दाबाने थांबवणारा हायड्रॉलिक बंप स्टॉप आहे. तो धक्का परत न फेकता जिरवतो. हालचाल विझवणारे डॅम्पर मात्र साधे, मऊ-कडक करायच्या बटणाविना.

मऊ स्प्रिंगांवरही गाडी न डोलता सपाट चालावी, हा शोध खूप जुना आहे. मॉरिस ऑली हे इंग्रज अभियंते रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये कॅडिलॅककडे गेले. तिथे १९३२ मध्ये त्यांनी एका सात आसनी गाडीवर पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं बांधली आणि स्प्रिंगा बदलत ती चालवून पाहिली. उंचवट्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. ए११० च्या दोन्ही चाकांत २.४२ मीटर अंतर आहे. ताशी ७२ किलोमीटरला हा उशीर सेकंदाच्या आठव्या हिश्श्याएवढा होतो. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा किंचित जलद कंप पावणारी ठेवली तर मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते, दोन्ही एका तालात येतात आणि नाक-शेपटीचं डोलणं विझतं. हेच ऑली पुढे पहिल्या, १९५३ च्या कॉर्व्हेटच्या चॅसीवर राबले.

धक्का झेलते स्प्रिंग. ती हालचाल विझवतो डॅम्पर, ज्याला आपण शॉक ॲब्सॉर्बर म्हणतो. सगळं कसब इथे आहे. वळणावर झुकताना त्याचा दट्ट्या सावकाश सरकतो, खड्ड्यात तोच कितीतरी पटींनी जोरात धावतो. सावकाश हालचालीला खंबीर विरोध आणि जोरदार हालचालीला झडप उघडून वाट, अशी रचना जमली तर एकच गाडी वळणावर ताठ आणि खड्ड्यात मवाळ राहते. मऊ स्प्रिंगांना नेमक्या डॅम्परची जोड देण्याचा हा रस्ता लोटसने १९६२ च्या एलानपासून जोपासला.

रेसट्रॅकलाही मऊपणा हवा असतो, याचा पुरावा फेरारीकडे आहे. २००७ च्या ४३० स्कुडेरियावर मायकेल शूमाकर यांनी काम केलं आणि त्यांच्या सूचनेवरून तिच्यात एक वेगळं बटण आलं: इंजिन, गिअर सगळं रेसच्या पवित्र्यात, डॅम्पर तेवढे मऊ. न्यूरबुर्गरिंगचा १९२७ चा, सुमारे २०.८ किलोमीटरचा जुना मार्ग पाहिला की याचं मोल कळतं. तिथे उंचवटे आहेत, उतारावर गाडी हलकी होते, आणि फार कडक गाडी टायर टेकवण्याऐवजी उड्या मारते. दुप्पट भार दिला म्हणून टायर दुप्पट पकड देत नाही. भार सतत वर-खाली होत राहिला तर सरासरी पकड घटते, आणि मग आराम व वेग दोन्ही एकाच वेळी हातचे जातात.

मऊ आणि कडक यांमधली दरी इलेक्ट्रॉनिक्सने बरीच बुजवली आहे. १९८७ मध्ये आयर्टन सेनाने संगणकाने हलणारं सस्पेन्शन असलेल्या लोटस ९९टीमधून फॉर्म्युला वनच्या दोन शर्यती जिंकल्या, मोनॅको आणि डेट्रॉइट. दोन्ही शहराच्या खडबडीत रस्त्यांवरच्या. १९९२ मध्ये विल्यम्सच्या तशाच गाडीवर नायजेल मॅन्सेल जगज्जेता झाला, आणि १९९४ पासून फॉर्म्युला वनने त्यावर बंदी घातली. रस्त्यावर २००२ मध्ये कॅडिलॅकने लोहकण मिसळलेल्या तेलाचे डॅम्पर आणले. वीज सोडली की काही मिलिसेकंदांत तेल घट्ट होतं. २०११ च्या मॅकलॅरेन १२सी ने अँटी-रोल बारच काढून डॅम्पर नळ्यांनी एकमेकांना जोडले. पण नुसत्या बटणाच्या डॅम्परवर विसंबताना एवढं ध्यानात ठेवावं की बटण दाबल्यावर स्प्रिंग बदलत नाही.

आपल्याकडे हौशी मंडळी आखूड स्प्रिंगा टाकून गाडी बुटकी करतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे चाकाला फक्त खालची भुजा असलेल्या, गाडीत असं केलं की खालची भुजा आडवी होत जाऊन उलट्या बाजूला कलते. गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, आणि झुकवणारा जोर वाढतो. कोइम्बतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर वर्षातले एक-दोन दिवस जायचे असतील तर पैसे आधी ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर आणि चाकांच्या अलाइनमेंटवर घालावेत. स्प्रिंगांना हात लावण्याआधी एक तपासणी करावी. डॅम्परच्या दांड्याला प्लास्टिकचा बारीक टाय बांधावा, रोजच्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि टाय कुठवर सरकला ते पाहावं. तो बंप स्टॉपला जाऊन टेकला असेल तर त्या गाडीला बुटकं व्हायला जागाच उरलेली नाही.