आठवडाभर शाळा, मग पुन्हा शेत: कामातून शिकवणाऱ्या शाळा कुणाच्या जोरावर चालतात?

आठवी-नववीपासूनच आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत एक वाद सुरू होतो. पोराला पुढे शिकवायचं की कामाला लावायचं? कुणाकडे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असते. कुणी बागवान असतो, झाडावरचा माल उक्ता घेतो आणि हंगामात त्याला घरातला प्रत्येक हात लागतो. कुणाच्या दारात दहा-पंधरा शेळ्या असतात. कोकणात भातलावणी आली की चार दिवस वर्ग रिकामाच असतो. कामाला गेलं तर शाळेत गैरहजेरी लागते, शाळेत गेलं तर घरचं काम अडतं किंवा मजुरी बुडते. शेवटी बहुतेक ठिकाणी शाळाच सुटते. मुलींची तर आणखी लवकर.

अशा घरातल्या मुलांसाठी जगात काही ठिकाणी तिसरा रस्ता काढला गेला. शाळा आणि काम आलटून-पालटून, आणि कामालाच अभ्यासाचा विषय करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण एकट्या शाळेच्या बळावर हे कुठेही टिकलेलं नाही. पालक, शेतकरी, शिक्षक आणि सरकार या चौघांनी आपापला वाटा उचलला तिथेच ते चाललं. हा वाटा नेमका कोणता, ते समजून घेऊ.

फ्रान्स, १९३५: चार मुलं आणि एक पाद्री

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये सेरिन्याक-पेबुदू नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या झाँ पेरा या शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत पुढे शिकायचं नव्हतं, त्याला शेतीच करायची होती. बापाला मात्र मुलगा अडाणी राहायला नको होता. त्या काळी शिकलेला मुलगा शहरात जायचा आणि गावात राहिलेला मुलगा शिक्षणाला मुकायचा. मधला मार्ग नव्हता. पेरा गावच्या पाद्रीकडे, आबे ग्रानेरो यांच्याकडे गेले. ग्रानेरो स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, त्यामुळे अडचण त्यांना लगेच कळली.

नोव्हेंबर १९३५ मध्ये चार मुलांपासून सुरुवात झाली. मुलं महिन्यातला एक आठवडा पाद्रीच्या घरी राहायची आणि टपालाने येणारे शेतीचे धडे शिकायची. बाकीचे तीन आठवडे ती आपापल्या घरच्या शेतात असायची. ग्रानेरो काही शेतीतज्ज्ञ नव्हते. मुलांना एकत्र बसवणं, वाचायला लावणं, विचार करायला लावणं एवढं त्यांनी केलं.

मुलं वाढली आणि पाद्रीचं घर पुरेना. १९३७ मध्ये जवळच्या लोझाँ गावात पालकांनी पुढाकार घेऊन एक घर मिळवलं आणि ते आपल्या मंडळामार्फत चालवायला घेतलं. त्याला नाव पडलं ‘मेझों फामिलियाल’, म्हणजे कुटुंबांचं घर. पाद्रीने सुरू केलेली शाळा इथे पालकांची झाली, आणि ही चळवळ टिकली ती यामुळेच. आज फ्रान्समध्ये अशी सुमारे ४३० केंद्रं आहेत. प्रत्येकाचा कारभार आजही पालकांच्या संघटनेकडे असतो. शेतीसोबत तिथे आता यंत्रदुरुस्ती, दुकानदारी, वृद्ध आणि लहान मुलांची देखभाल असे अभ्यासक्रमही चालतात.

अभ्यास चालतो कसा?

‘काम करता करता शिकणं’ म्हटलं की आपल्याला वाटतं, पोराला उस्तादाच्या हाताखाली ठेवलं, झालं. गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात आपली मुलं अशीच तर शिकतात. हुनर येतो, पण ‘का’ कळत नाही आणि हातात कागदही येत नाही. फ्रेंच पद्धतीत एवढ्यावर भागत नाही.

मुलगा एक-दोन आठवडे शेतावर जातो तेव्हा शाळेतून प्रश्नांची यादी घेऊन जातो. समजा, विषय दुभत्या जनावरांचा आहे. गाय दिवसाला किती चारा खाते? त्यावर खर्च किती येतो? दूध किती निघतं, कुणाला जातं, भाव काय मिळतो? मागच्या वर्षी जनावर आजारी पडलं तेव्हा काय केलं? हे सगळं घरच्या माणसांना किंवा शेतमालकाला विचारून वहीत लिहायचं.

शाळेत परतल्यावर सगळे आपापल्या वह्या उघडतात. एकाच्या घरी दूध जास्त आणि नफा कमी, दुसऱ्याच्या घरी उलटं. असं का? या ‘का’पासून पुढचे तास सुरू होतात. गणिताच्या तासाला नफा-तोटा आणि टक्केवारी, विज्ञानाला पचनसंस्था आणि पोषण, भाषेला अहवाललेखन. मग सगळे मिळून एखादी डेअरी किंवा दुसरी शेती पाहायला जातात. आठवड्याचा शेवट होईपर्यंत पुढच्या कामासाठी नवी यादी तयार असते.

मुलाच्या दप्तरात एक वही कायम असते. त्यात शेतमालक लिहितो, पालक लिहितात, शिक्षकही लिहितात. आई-बापाला सही करताना कळतं की मुलगा काय शिकला. मालकाला कळतं की हा फक्त हाताखालचा पोऱ्या नाही, विद्यार्थी आहे.

मुलं शाळेच्या आठवड्यात तिथेच राहतात. स्वयंपाकघरात मदत, साफसफाई, संध्याकाळी एकत्र बसून चर्चा हाही शिक्षणाचा भाग धरला जातो. आपल्याकडच्या निवासी मदरशांत किंवा आश्रमशाळांत राहिलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल.

चार भागीदार, चार जबाबदाऱ्या

पालकांचं काम फी भरून संपत नाही. ते संघटनेचे सभासद असतात, हिशेब पाहतात, शाळेने काय शिकवावं यावर बोलतात. मूल घरी असतं त्या आठवड्यांत शिकवणंही त्यांच्याच अंगावर असतं. ज्याच्या घरी जमीन नाही त्याच्या मुलाला दुसऱ्या शेतकऱ्याकडे ठेवलं जातं. भूमिहीनांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

शेतकरी किंवा मालक हा दुसरा भागीदार. त्याच्याशी लेखी करार होतो. काम कोणतं, तास किती, शिकवायचं काय, हे आधी ठरतं. शिक्षक मधूनमधून तिथे जाऊन पाहतो.

तिसरा शिक्षक. या शाळांतला शिक्षक फळ्यापुरता नसतो. त्याला मुलाचं घर माहीत असतं, मालक माहीत असतो. एक शिक्षिका म्हणून सांगते, हे काम नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जड आहे. साठ मुलांच्या वर्गात ते होत नाही, छोटे गटच लागतात. छोटे गट म्हटले की खर्च वाढतो.

म्हणून चौथा भागीदार, सरकार. फ्रान्समध्ये ही केंद्रं कृषी मंत्रालयाशी करार करून चालतात. १९८४ च्या कायद्याने या कराराला पक्कं रूप मिळालं. खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून येतो आणि मुलांना मिळणारं प्रमाणपत्र सरकारमान्य असतं. या चौघांतला एक जरी निघून गेला तर काय होतं, ते ब्राझीलने अनुभवलं.

ब्राझील: मान्यता आणि पैसा

ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यात इटलीहून येऊन वसलेल्या गरीब शेतकऱ्यांची वस्ती मोठी. तिथे १९६८ मध्ये उंबेर्तो पिएत्रोग्रांदे या पाद्रीने एक संस्था उभी केली आणि पुढच्याच वर्षी पहिल्या ‘कुटुंब-शेतीशाळा’ उघडल्या. सुरुवातीला पैसा आणि शिक्षकांचं प्रशिक्षण यांसाठी इटलीची मदत होती. श्रम आणि पाठिंबा गावकऱ्यांचा होता. मुलं आलटून-पालटून काही दिवस शाळेत आणि काही दिवस घरच्या शेतावर राहायची.

लवकरच एक गोष्ट लक्षात आली. मुलगा शेती कितीही चांगली शिकला, तरी नेहमीच्या शाळेचा दाखला नसेल तर पुढची दारं बंद. मग या शाळांनी नियमित इयत्तांचा अभ्यासक्रमही आपल्या पद्धतीने शिकवायला घेतला. त्यामुळे ‘ही शाळा गरिबांसाठी, खरी शाळा दुसरीकडे’ हा शिक्का पुसायला मदत झाली.

दुसरा प्रश्न पगाराचा. बाहेरची मदत कायमची नसते. वर्षानुवर्षं या शाळांनी देणग्या, पालकांनी दिलेलं धान्य आणि स्थानिक सरकारांशी होणारे तात्पुरते करार यांवर दिवस काढले. शाळांच्या संघटना मागणी लावून धरत राहिल्या, आणि २०१२ च्या एका कायद्याने आलटून-पालटून चालणाऱ्या ग्रामीण शाळांतले विद्यार्थी सार्वजनिक शिक्षण निधीच्या हिशेबात धरले जाऊ लागले. पहिल्या शाळेपासून इथवर यायला चाळीस वर्षांहून जास्त काळ गेला. नवी संस्था उघडताना भाषणं जोरात होतात. पण चौथ्या वर्षी शिक्षकाचा पगार कोण देणार, हे तेव्हाच विचारायला हवं.

मोझांबिक: ज्यांचे आई-वडीलच नाहीत

वरच्या दोन्ही उदाहरणांत कुटुंब हा पाया आहे. ज्या मुलाचं कुटुंबच मोडलं आहे, त्याचं काय? मोझांबिकमध्ये एड्सने हजारो मुलं अनाथ झाली. आई-बापासोबत शेतीचं ज्ञानही गेलं. कोणतं बी कधी पेरायचं, साठवण कशी करायची, हे सांगायला घरात कुणी राहिलं नाही.

२००३-०४ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी, तिथे १२ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी शेतशाळा सुरू केल्या. एका गटात साधारण तीस मुलं. जमीन शाळेची किंवा गावाची, शिकवायला शिक्षक आणि कृषी विस्तार कर्मचारी, आणि मुलांना जेवण अन्न कार्यक्रमाकडून. उपाशी मूल शिकत नाही, म्हणून जेवण हा या भागीदारीचा गाभाच होता.

इथे पीक आणि माणूस यांचं आयुष्य शेजारी ठेवून शिकवलं जातं. रोपाला कीड लागू नये म्हणून काय करतो? मग स्वतःला आजारापासून, वाईट संगतीपासून, जबरदस्तीपासून कसं वाचवायचं? नाटक आणि गाण्यांतून मुलं या अवघड विषयांवर बोलायला शिकतात. पुढे ही पद्धत आफ्रिकेतल्या इतर देशांत आणि फलस्तीनमध्येही गेली.

आपल्याकडे काय आहे?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं ‘विज्ञान आश्रम’ हे नाव घरोघरी माहीत असायला हवं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळला काम सुरू केलं. शाळा सुटलेली मुलं तिथे शेती-पशुपालन, यंत्रकाम-बांधकाम, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशा चार विभागांत प्रत्यक्ष कामातून शिकतात, आणि शिकता शिकता गावाला लागणाऱ्या सेवाही देतात. त्यांच्या पद्धतीवरचा ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय महाराष्ट्रातल्या अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला आहे.

याशिवाय राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांच्या (राहुरी, अकोला, परभणी, दापोली) अखत्यारीत दहावीनंतरचं कृषी पदविका शिक्षण मराठीतून उपलब्ध आहे. कृषी विज्ञान केंद्रांत शेळीपालन, कुक्कुटपालन, रोपवाटिका, फळप्रक्रिया यांची छोटी प्रशिक्षणं होतात. शाळा सुटलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करता येते. म्हणजे तुकडे आहेत. ते जोडणारा करार बहुतेक ठिकाणी नाही.

एक धोका, आणि काही प्रश्न

‘कामातून शिक्षण’ या नावाखाली फुकटचा मजूर मिळवणं फार सोपं आहे. आपल्या देशात २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. घरच्या कामात हातभार लावण्याची सवलत आहे, पण ती शाळेची वेळ सोडून आणि धोक्याचं काम नसेल तरच. १४ ते १८ वयाच्या मुलांनाही धोकादायक कामावर ठेवता येत नाही. कीटकनाशकाचा पंप पोराच्या पाठीवर देणं हे शिक्षण नव्हे.

म्हणून अशा कुठल्याही कोर्सला मुलगा किंवा मुलगी घालण्याआधी अम्मी-अब्बांनी बेधडक विचारावं:

- शेवटी मिळणारा दाखला कुणाचा, आणि त्यावर पुढे शिकता येतं का?
- कामाची जागा कोणती, रोज तास किती, मोबदला काय? हे कागदावर आहे का?
- शिक्षक कामाच्या जागी पाहायला येतो का? किती दिवसांनी?
- मुलींसाठी राहण्या-येण्याची सोय आणि महिला कर्मचारी आहेत का?
- कारभारात पालकांचा प्रतिनिधी आहे का?

गावातल्या जमाती, बैतुलमाल आणि शिक्षणसंस्था दरवर्षी वह्या-पुस्तकं आणि शिष्यवृत्त्या वाटतात. चांगलंच काम आहे. त्यातला थोडा भाग वेगळ्या रीतीने वापरता येईल. तालुक्यातलं एक कृषी विज्ञान केंद्र, एक माध्यमिक शाळा, शिकवायला राजी असलेले दहा शेतकरी किंवा शेळीपालक, आणि शाळा सुटलेली दहा मुलंमुली यांना एका टेबलावर आणायचं. शेतकरी कुठल्या समाजाचा आहे हे पाहायचं कारण नाही, चांगली शेती करणारा आणि मुलांना नीट वागवणारा हवा. नव्या इमारतीचीही गरज नाही. सेरिन्याकच्या त्या चार मुलांकडे तरी कुठे होती?