ओरखडा आधी कुठे दिसला?

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी तयार होतात. पत्र्याची गोल चकती प्रेसवर डायमध्ये दाबली जाते, काठ कापला जातो, मग बफिंगच्या चाकावर चकाकी येते आणि शेवटी पॅकिंग होतं. समजा, डब्यांची एक खेप ओरखडे आहेत म्हणून व्यापाऱ्याने परत पाठवली. सुपरवायझर बफिंगच्या कारागिराला विचारतो, ‘असं कसं झालं?’ कारागीर काय सांगणार? पत्रा हलका होता, चाक झिजलंय, माल घाईत काढायचा होता. तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला जाब विचारला गेलाय, म्हणून तो स्वतःचा बचाव करतोय.

आता दुसऱ्या तऱ्हेने विचारू. ‘दादा, ओरखडा तुम्हाला कधी दिसला, चाकाला लावण्याआधी की नंतर?’ याचं उत्तर द्यायला त्याला डबा डोळ्यांपुढे आणावा लागतो. ‘आधीच होता. बाहेरून, वरून खाली सरळ.’ असा सरळ ओरखडा बहुतेकदा डायमध्ये अडकलेल्या कणाचा असतो, कारण पत्रा त्याच दिशेने आत ओढला जातो. शोध आपोआप प्रेसकडे वळतो आणि कारागिराची मान ताठ राहते.

साधा प्रश्न म्हणतात तो हा. ज्याला विचारला त्याने जे पाहिलंय तेवढंच तो मागतो. ‘का’ आणि ‘कसं काय’ यांना माणूस कारणं देतो. ‘कधी’, ‘कुठे’, ‘किती’, ‘आधी की नंतर’ यांना तो आठवून, बघून उत्तर देतो.

महाभारताच्या सभापर्वात असा एक प्रश्न आहे. द्यूत संपल्यावर द्रौपदीला सभेत आणायला दुर्योधनाचा सेवक प्रातिकामी येतो. ती त्याला परत पाठवते आणि युधिष्ठिराला एवढंच विचारायला सांगते, की त्याने आधी कोणाला हरवलं, स्वतःला की तिला? प्रश्न निव्वळ क्रमाचा आहे, सभेतल्या प्रत्येकाने तो क्रम पाहिलेला आहे. तरीही युधिष्ठिर गप्प राहतो. भीष्मांसारखा जाणताही धर्म सूक्ष्म असल्याचं सांगून थांबतो. दुर्योधनाचा भाऊ विकर्ण मात्र उघडपणे तिची बाजू घेतो. तिने सभेवर आरोप केला असता तर प्रत्यारोप झाले असते. क्रम विचारल्यामुळे पळवाट उरली नाही. अधिकार हातात नसलेल्या व्यक्तीने विचारलेला इतका धारदार प्रश्न मला दुसरा आठवत नाही.

त्याच पर्वात, मयसभा उभी राहिल्यावर, नारद युधिष्ठिराकडे येतात आणि राज्यकारभाराबद्दल प्रश्नांची लांबलचक माळ लावतात. सैन्याला पगार वेळेवर मिळतो ना? शेतकऱ्याकडे बियाणं आहे ना? राज्यात ठिकठिकाणी तलाव भरलेले आहेत ना, की शेती नुसत्या पावसावर सोडली आहे? मसलत एकट्याने किंवा फार जणांत तर होत नाही ना? काय काय तपासायचं याची ही यादी आजही उत्तम आहे. पण ती जशीच्या तशी टीमपुढे ठेवली तर फसते, कारण ‘ना’ने संपणाऱ्या प्रश्नाला माणसं ‘हो साहेब’ म्हणून मोकळी होतात. यादी नारदांची घ्यावी आणि विचारण्याची रीत द्रौपदीची: मागचा पगार कोणत्या तारखेला झाला?

मीरा-भाईंदरमध्ये ही गोष्ट पाण्यावरून चटकन कळते. शहराला स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून पाणी येतं. सोसायटीच्या सभेत ‘पाण्याची बोंब आहे ना?’ असं विचारलं की तासभर आरडाओरडा होतो. ‘सोमवारी टाकीत पाणी किती वाजता आलं आणि किती वेळ टिकलं?’ असं विचारलं की वॉचमन बोलू लागतो, आणि खरी माहिती त्याच्याकडेच असते. उत्तनच्या केशवसृष्टीत, १९८२ साली स्थापन झालेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधींना आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देते. निवडून आलेल्या माणसाला भाषण बहुधा येतंच. वॉचमनला बोलतं करणं मात्र शिकावं लागतं, असं मला वाटतं.

विचारून झाल्यावर गप्प बसणं सर्वांत अवघड. चार-पाच सेकंद शांतता पडली की साहेब स्वतःच उत्तर सुचवतात, आणि समोरचा सुटकेने मान डोलावतो. एका दमात तीन प्रश्न विचारले तर तो त्यातल्या सोप्याचंच उत्तर देतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण सगळं सांगून झाल्यावर, नीट विचार करून तुला हवं ते कर, असं म्हणून निर्णय अर्जुनावर सोडतो. मग थोड्या वेळाने विचारतो, हे मन लावून ऐकलंस का, तुझा मोह गेला का? उत्तर अर्जुन स्वतःच्या तोंडाने देतो.

अर्थात प्रेसखाली कोणाचा हात जात असेल तेव्हा प्रश्न विचारत बसू नये. ओरडावं, मशीन बंद करावं. हात नेमका कुठे होता आणि गार्ड कधी काढला, हे मशीन थांबल्यावर विचारावं, आणि तेही मालकाची केबिन सोडून, मशीनजवळ उभं राहून.