श्वासाइतकाच घासही महत्त्वाचा

लंग फायब्रोसिसमध्ये फुप्फुसांतल्या नाजूक पडद्यांची जागा जाड, ताठर तंतू घेतात. कातडीवर जखमेचा वण राहतो, तसा वण छातीत पसरत जातो आणि प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो. कधी कारण सापडत नाही. कधी दगडाची धूळ, कधी संधिवात, तर कधी कबुतरांच्या विष्ठेतले कण कारण ठरतात. देशातल्या २७ केंद्रांमधल्या १,०८४ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांचा आजार श्वासातून जाणाऱ्या अशाच ॲलर्जीकारक कणांमुळे झालेला होता. अशा घरात ऑक्सिमीटरवरचा आकडा दिवसातून दहादा पाहिला जातो, वजनकाटा मात्र कॉटखाली धूळ खातो. माझ्या मते ही मोठी चूक आहे. या आजारात वजन हा श्वासाइतकाच बोलका आकडा आहे, आणि आहार हा उपचाराचाच भाग आहे.

वजन उतरतं त्याला कारणं एकाहून अधिक आहेत. ताठर फुप्फुसं फुगवायला छातीच्या स्नायूंना सतत जादा मेहनत पडते. त्यात जेवण हेच कष्टाचं काम होऊन बसतं. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो; निरोगी माणसाला ते जाणवतही नाही, पण या रुग्णाला दोन घासांमध्ये धाप लागते. पोट भरलं की ते श्वासपटलाला वर रेटतं, म्हणून चार घास खाऊन ताट बाजूला सारलं जातं. या आजारावरची औषधंही भूक मारतात. पिरफेनिडोनने मळमळतं, तर निन्टेडॅनिबच्या मोठ्या चाचण्यांमध्ये ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांना जुलाब झाले. मग शरीर आपलेच स्नायू मोडून खातं, श्वासाचे स्नायूही त्यातून सुटत नाहीत आणि दम आणखी वाढतो. वर्षभरात पाच टक्के वजन, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, घटलं तर पुढची वाटचाल अधिक बिकट होते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

काही जण म्हणतील, स्थूल माणूस बारीक झाला तर बरंच की! ठरवून, व्यायामासह वजन उतरवलं तर ते खरंच बरं. पण आपोआप उतरणारं वजन चरबीचं की स्नायूंचं, हे काटा सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के, हे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आपल्याकडे ‘अंगाने बरा’ दिसणाऱ्या माणसाकडेही स्नायूंची शिल्लक तुटपुंजी असू शकते. स्टेरॉइड चालू असेल तर चेहरा भरतो आणि मांड्या वाळतात. म्हणून काट्याबरोबरच खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला का, हेही पाहायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वजन घटणं ही आजार बळावल्याची खूण असेल, तर खाऊन काय साधणार? खाऊ घालून वजन वाढवलं म्हणजे आयुष्य वाढतं, असं या आजारात ठामपणे सिद्ध झालेलं नाही, हे मान्य करायलाच हवं. पण फुप्फुसांच्या पुनर्वसनातल्या व्यायामाने चालण्याची ताकद वाढते आणि दम कमी होतो, हे सिद्ध आहे. आणि उपाशी स्नायूंकडून व्यायाम होत नाही. वण पुसता येत नाही, पण ताकद राखता येते. अंघोळ स्वतःची स्वतः करता येणं ही काही छोटी गोष्ट नाही.

म्हणून ‘आजारी माणसाला हलकंच द्या’ या समजुतीने नुसत्या पेजेवर ठेवू नये. तीन भरल्या ताटांऐवजी पाच-सहा छोट्या वाट्या द्याव्यात: तूप घातलेली मऊ मूगडाळ खिचडी, घट्ट वरण, उकडलेलं अंडं, दही, दुधातलं नाचणीचं सत्त्व, भाजीत मूठभर दाण्याचं कूट. महागडी पावडर लागतेच असं नाही. जुलाब होत असताना तूप-दूध आवरून दहीभातावर यावं, पण गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना कळवावं. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही दोन्ही औषधं जेवणासोबतच घ्यायची असतात. ऑक्सिजनची नळी जेवताना काढू नये. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावं. आणि आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावं. पुढच्या तपासणीला पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या कार्यक्षमतेच्या चाचणीच्या, कागदाबरोबर ती वहीही डॉक्टरांसमोर ठेवावी.