घेवड्याचं बी कधी टोकायचं? फुलाकडून मागे मोजा

परसबागेत शेंगा लावायच्या म्हटलं की बीड जिल्ह्यात पहिला सल्ला मिळतो तो मृगाचा: पाऊस झाला की बी टोका. गवार, चवळी आणि गावरान वालाला हा सल्ला लागू पडतो. घेवड्याचा हिशेब वेगळा आहे. पाण्याची सोय असली की घेवडा कधीही येतो, असं बरेच जण समजतात आणि विहिरीच्या भरवशावर फेब्रुवारीअखेरीस वाफा भरतात. झाडं जोमात वाढतात, फुलंही लागतात, पण शेंग धरत नाही. मग दोष बियाण्यावर जातो.

खरं कारण उन्हाचं आहे. घेवड्याला बी टोकल्यापासून साधारण 35 ते 45 दिवसांत फूल येतं. तापमान 35 अंशांच्या वर गेलं की ते फूल गळतं. कितीही पाणी दिलं तरी गळतं. आपल्याकडे मार्चमध्येच पारा तिथवर जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. म्हणून पेरणीची तारीख फुलाकडून मागे मोजत ठरवावी. घेवड्याला सगळ्यात निर्धास्त काळ म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. उन्हाळ्याच्या तोंडावर शेंगा हव्या असतील तर जानेवारीत, थंडीचा कडाका ओसरताच बी टोकावं. ऐन थंडीत, गार आणि ओल्या मातीत बी दिवसेंदिवस पडून राहतं आणि कुजतं. जून-जुलैमध्येही घेवडा येतो, पण माजलगाव-गेवराईकडच्या भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, तिथं गादीवाफाच हवा. आष्टी-पाटोद्याच्या मुरमाड रानात निचऱ्याची चिंता नसते, ओल टिकवण्याची असते. ऐन उन्हाळ्यात शेंगभाजी हवी असेल, तर गवार लावावी. तिला ऊन मानवतं.

वालाबद्दलचा गैरसमज तर वर्षभर जागा अडवून बसतो. वेल एकदा मांडवावर गेला की शेंगा येणारच, असं वाटतं. पण गावरान वाल दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलत नाही. जून-जुलैत लावलेला वेल दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलतो आणि भोगीच्या भाजीला टोपलीभर शेंगा देतो. तोच वेल मार्चमध्ये लावला, तर उन्हाळाभर पाणी पिऊन नुसता पाला वाढवतो. बुटका वाल मात्र निराळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण भूषण’सारख्या वाणाला दिवसाच्या लांबीचं बंधन नाही.

दुसरी सवय स्वयंपाकघरातून वाफ्यात आलेली आहे. उसळीसाठी कडधान्य भिजत घालतो, तसं बीही रात्रभर भिजवायचं. घेवड्याच्या बियाला हे बाधतं. कोरडं बी भराभर पाणी ओढतं, आतल्या डाळिंब्यांना तडे जातात, त्यातली साखर बाहेर झिरपते आणि तिच्यावर बुरशी पोसते. पाण्याखाली कोंबाला हवाही मिळत नाही. बी जुनं असेल तर नुकसान जास्त. त्यापेक्षा आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्यावं आणि वाफसा आल्यावर कोरडं बी 3 ते 4 सेंटिमीटर खोल टोकावं, एका जागी दोन दाणे. दाण्याचा डोळा वर की खाली, यावरून वाद घालायची गरज नाही. आडवा पडला तरी कोंब आपली वाट शोधतो.

हल्ली मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरात ट्रेमध्ये घेवड्याची रोपं तयार करणारेही भेटतात. ही रीत थंड देशांतली आहे, तिथं बर्फ वितळेपर्यंत माती तापत नाही. आपल्याकडे उबदार मातीत आठवडाभरात उगवण होते. शिवाय घेवड्याला मूळ दुखावलेलं सोसत नाही, पुनर्लागवडीत रोप थबकतं. चार रोपं नांग्या भरायला कागदी पेल्यांत ठेवावीत, तेवढं पुरे.

इथली खरी अडचण वेगळी आहे. टोकणीनंतर जोराचं पाणी पडलं आणि ऊन लागलं की काळ्या मातीवर पपडी धरते. घेवड्याचा कोंब मान वाकवून, दोन्ही डाळिंब्या ओढत वर येतो आणि पपडीला अडून ती मान मोडते. माती उकरून पाहिली तर उगवलेलं बी मान तुटून पडलेलं दिसतं. उगवण होईपर्यंत झारीनंच पाणी द्यावं, टोकणीच्या जागी शेणखताची चाळलेली भुकटी पसरावी.

शेंगवर्गीय पिकाला नत्र लागत नाही, हेही अर्धंच खरं. चवळी, गवार, वाल मुळांवरच्या गाठींत आपली बरीचशी सोय करतात. घेवड्याच्या गाठी आपल्या जमिनीत जेमतेम धरतात, त्याला शेणखताबरोबर थोडं नत्र द्यावंच लागतं.

आणि घरचं बी उतरतं, दरवर्षी विकतच आणावं, हे मनातून काढून टाका. घेवडा, वाल, गवार, चवळी या पिकांत परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलातच होतं. सरळ वाणाचं घरचं बी दुसऱ्या वर्षी तसंच निपजतं. घात करतो तो भुंगा. यंदा निरोगी वेलावरच्या सुरुवातीच्या भरदार शेंगा भाजीला न तोडता वेलावरच वाळू द्या, दाणे उन्हात खडखडीत करून राखेत ठेवा. पेरणीआधी त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. सातांपेक्षा कमी मोडले, तर ते बी वाफ्यात घालू नका.