चुलीसाठी काटक्या तोडताना घ्यावयाची काळजी

बांधावरील गिरिपुष्प, सुबाभूळ, शेवरी यांची छाटणी झाली की पाला खताला किंवा जनावरांना जातो आणि उरलेल्या फांद्या जळणासाठी अंगणात येतात. गॅस असलेल्या घरांतही आंघोळीच्या पाण्यासाठी व भाकरीसाठी अनेक ठिकाणी चूल पेटतेच. फांद्या बारीक करण्याचे काम मात्र हलके समजून घाईघाईने उरकले जाते. मोठा ओंडका जागेवर स्थिर राहतो. बारीक फांदी घाव बसताच उसळते, फिरते किंवा तिचा तुकडा उडतो. म्हणून या कामात कोयता धरलेल्या हातापेक्षा फांदी धरलेल्या हाताला जास्त जपावे लागते.

हत्यार व ठोकळा

कोयत्याला चांगली धार असावी. बोथट कोयता लाकडात न शिरता घसरतो व जोरही अधिक लावावा लागतो. मूठ सैल असल्यास आधी पक्की करावी. बोटाएवढ्या जाडीच्या ओल्या फांद्या छाटणीच्या कात्रीने व त्याहून जाड फांद्या करवतीने कापल्यास घाव घालण्याची गरजच उरत नाही.

फांदी जमिनीवर किंवा दगडावर ठेवून तोडू नये. सपाट माथ्याचा, न डगमगणारा, गुडघ्याएवढा उंच लाकडी ठोकळा घ्यावा.

तोडण्याची पद्धत

१) लांबीचे तुकडे फांद्या ओल्या असतानाच करावेत. कापायला सोपे जाते व तुकडे लवकर वाळतात. चुलीच्या तोंडाप्रमाणे २० ते २५ सें.मी. लांबी ठेवावी.

२) घाव ठोकळ्यावर टेकलेल्या भागावरच, थोडा तिरका घालावा. अधांतरी टोकावर घाव घातल्यास तुकडा उडून डोळ्याला लागू शकतो.

३) फांदी धरलेला हात घावापासून किमान हातभर लांब असावा. फांदी आखूड झाली की ती हाताने धरून तोडू नये. शेवटचा तुकडा तसाच चुलीत घालावा.

४) चिरफळ्या करताना तुकडा ठोकळ्यावर उभा करून, हाताने धरून घाव घालू नये. कोयत्याचे पाते तुकड्याच्या माथ्यावर टेकवावे, तुकड्यावरचा हात काढून घ्यावा आणि पात्याच्या पाठीवर लाकडी मोगरीने ठोकावे. लोखंडी हातोडा वापरू नये. पोलादाची कपची उडते.

५) पायात बूट असावेत. मुलांना काही अंतरावर ठेवावे.

कण्हेर, शेर व बिब्बा यांच्या फांद्या जळणात घेऊ नयेत. त्यांचा चीक व धूर अपायकारक असतो.

वाळविणे व साठवण

ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. हे पाणी उडविण्यातच चुलीची बरीच उष्णता खर्च होते व होणारा धूर चुलीपुढे बसणाऱ्या माउलीच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. तुकडे उन्हात चांगले वाळवावेत. टोकांना तडे गेले व दोन काटक्या आपटल्यावर टणक आवाज आला की जळण तयार झाले असे समजावे. पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच आडोशाला, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचावी. ढिगात विंचू व साप आसरा घेतात. काठीने हलविल्याशिवाय हात घालू नये.

जखम झाल्यास

स्वच्छ कापडाने घट्ट दाबून रक्त थांबवावे. जखमेत हळद, चुना किंवा तंबाखू भरू नये. किरकोळ जखम साबण-पाण्याने धुवावी. जखम खोल असल्यास किंवा काटा आत मोडल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.