वाळू आपली, चुंबक परक्यांचे

गावोगावी वीज पोहोचण्यापूर्वी गोव्या-कोकणातील जत्रा आणि दशावतारी नाटके पेट्रोमॅक्सच्या उजेडात रंगत. त्या बत्तीचा पांढराशुभ्र प्रकाश थेट रॉकेलच्या ज्योतीचा नसे. त्या ज्योतीने तापून उठलेल्या मेंटलचा, म्हणजे नाजूक जाळीचा असे. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९१ मध्ये सिद्ध केलेल्या या जाळीत ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड असे. ही दोन्ही द्रव्ये मोनाझाइट या खनिजातून मिळतात. १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे कण आढळले आणि मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावरील वाळू युरोपकडे जाऊ लागली. वाळू येथून जाई, जाळी तिकडे तयार होई.

सेरियम हे ‘दुर्मीळ मृदा’ किंवा रेअर अर्थ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सतरा मूलद्रव्यांपैकी एक. एप्रिल २०२५ मध्ये चीनने यांतील सात मूलद्रव्यांच्या व त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची सक्ती केली, तेव्हा अमेरिका, युरोप आणि जपानबरोबर भारतातील वाहननिर्मातेही अडचणीत आले. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या आकडेवारीनुसार या मूलद्रव्यांचे सुमारे ६९ लाख टन साठे भारतात असून चीन आणि ब्राझीलनंतर आपला क्रमांक लागतो. घरात धान्याचे कोठार असताना पिठासाठी शेजाऱ्याच्या दारी उभे राहावे, तशी ही अवस्था. तिचे कारण भूगर्भात सापडत नाही. ते रसायनशाळेत आणि बाजारात शोधावे लागते.

मुळात ‘दुर्मीळ’ हे नावच फसवे आहे. १७८७ मध्ये स्टॉकहोमजवळच्या इटर्बी गावातील खाणीत कार्ल आक्सेल आरेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक जड काळा दगड सापडला. १७९४ मध्ये योहान गॅडोलिन यांनी त्यात एक अपरिचित ‘मृदा’ असल्याचे दाखवले. त्या काळी धातूंच्या ऑक्साइडांना मृदा म्हणत. इट्रियम, टर्बियम, एर्बियम आणि इटर्बियम या चार मूलद्रव्यांना त्या एकाच गावाचे नाव मिळाले. लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व इट्रियम, असा हा सतरांचा परिवार. भूकवचात सेरियम जवळजवळ तांब्याइतके आहे. या कुळातील अत्यंत विरळ गणले जाणारे थुलियमही सोन्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहे. अपवाद किरणोत्सारी प्रोमेथियमचा. ते निसर्गात जवळपास सापडतच नाही.

अडचण वेगळीच आहे. ही मूलद्रव्ये एकाच खनिजात मिसळून असतात आणि त्यांचे रासायनिक वर्तन इतके सारखे असते की एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणे महाकठीण. त्यासाठी खनिज आम्लात किंवा अल्कलीत विरघळवून, तो द्राव सेंद्रिय द्रावकाबरोबर पुनःपुन्हा घुसळावा लागतो. प्रत्येक खेपेस एखादे मूलद्रव्य किंचित अधिक प्रमाणात द्रावकाकडे ओढले जाते. एकदा सुपाने पाखडून भागत नाही. शेकडो टाक्यांतून हे पाखडणे चालू ठेवावे लागते, तेव्हा कोठे शुद्ध निओडिमियम किंवा डिस्प्रोशियम हाती येते. मागे उरतात आम्लयुक्त सांडपाणी आणि पुष्कळदा किरणोत्सारी गाळ.

एवढा खटाटोप करण्यासारखे यांत आहे तरी काय? सेरियम काचेला झिलई देते आणि वाहनांच्या धुरातील विषारी वायू निवळण्यास मदत करते. लँथनम तेलशुद्धीकरणात आणि कॅमेऱ्याच्या भिंगांत लागते. युरोपियमने रंगीत दूरचित्रवाणीला लाल रंग दिला. गॅडोलिनियम एमआरआय तपासणीत शरीरातील अवयव स्पष्ट दाखवते, तर एर्बियममुळे प्रकाशतंतूंतील संदेश समुद्रापार क्षीण न होता पोहोचतात. मात्र बाजाराचा कणा आहे तो निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या मिश्रणाचे चुंबक. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानचे मासातो सागावा आणि जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. आकाराने लहान, पण शक्तीने अफाट असे हे चुंबक विजेच्या मोटारीत साधारण एक ते दोन किलो लागते. थोडे डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळल्यास ते तापलेल्या इंजिनकक्षातही आपली शक्ती टिकवते. पवनचक्की, संगणकाची हार्ड डिस्क, यंत्रमानव, क्षेपणास्त्राचे पंख हलवणारी यंत्रणा, सर्वत्र त्याचा संचार आहे.

या बाजारात पूर्वी अमेरिका अग्रेसर होती. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही खाण १९६० च्या दशकापासून जगाला पुरवठा करीत होती. इकडे चीनने इनर मंगोलियातील बायान ओबो येथील प्रचंड साठ्याला विज्ञानाची जोड दिली. कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतलेले शू ग्वांगशियान यांनी १९७० च्या दशकात विलगीकरणाच्या टाक्यांची रचना गणिताने आखण्याची पद्धत विकसित केली आणि ती कारखान्या-कारखान्यांत पोहोचली. २००८ सालचा चीनचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला. स्वस्त चिनी माल आणि सांडपाण्यावरील वाढते निर्बंध यांच्या कात्रीत सापडून माउंटन पास २००२ मध्ये बंद पडली. जनरल मोटर्सची चुंबकनिर्मिती शाखा मॅग्नेक्वेंच १९९५ मध्ये चिनी भागीदार असलेल्या समूहाकडे गेली होती; पुढे तिचे उत्पादनही चीनमध्ये हलले. याची किंमत चीननेही मोजली. बाओटोऊजवळील विषारी गाळाचे तळे आणि जियांगशी प्रांतातील रसायनांनी पोखरलेल्या टेकड्या तिची साक्ष देतात.

आज खाणकामात चीनचा वाटा सुमारे ६० टक्के आहे. शुद्धीकरणात तो ९० टक्क्यांच्या आसपास आणि चुंबकनिर्मितीत त्याहूनही अधिक आहे. खाणीपासून कारखान्याकडे जावे तसतशी पकड घट्ट होत जाते, हे या आकड्यांचे मर्म.

गंमत अशी की हा बाजार पैशाने अगदी लहान आहे. २०२४ मध्ये अमेरिकेने आयात केलेल्या दुर्मीळ मृदा धातू व संयुगांचे मूल्य जेमतेम १७ कोटी डॉलर होते. परंतु एवढ्याशा मालाअभावी अब्जावधींचे कारखाने थांबतात. शिवाय बाजार लहान असल्याने मोठ्या उत्पादकाला तो हवा तेव्हा टंचाईत ढकलता येतो किंवा मालाने भरून टाकता येतो. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौका आणि जपानी तटरक्षक दल यांच्यात संघर्ष झाला आणि जपानकडे जाणारा पुरवठा अडला. वर्षभरात किमती आकाशाला भिडल्या. माउंटन पास पुन्हा सुरू करण्यासाठी मोलिकॉर्प या कंपनीने मोठे कर्ज उचलले. पण किमती कोसळल्या आणि २०१५ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. जपानने मात्र वेगळा मार्ग धरला. सरकारी संस्था आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनसला भांडवल आणि दीर्घ मुदतीच्या खरेदीची हमी दिली. मंदीतही लायनस तगली. अमेरिकेला हा धडा उमगायला जुलै २०२५ उजाडले. तेव्हा तिच्या संरक्षण खात्याने माउंटन पास चालवणाऱ्या एमपी मटेरियल्सला किलोमागे ११० डॉलर या किमान दराची दहा वर्षांची हमी दिली.

आता आपल्याकडे वळू. इंडियन रेअर अर्थ्स, म्हणजे आजची आयआरईएल, ही मुंबईत मुख्यालय असलेली सरकारी कंपनी १९५० पासून या क्षेत्रात आहे. केरळमधील आलुवा येथील तिचा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला. चवरा, मनवलकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथील किनारी वाळू हा तिचा कच्चा माल. तरीही २०२४ मध्ये भारताचे उत्पादन सुमारे २,९०० टन होते आणि चीनचे २ लाख ७० हजार टन. आपल्या मोनाझाइटमध्ये थोरियम असल्यामुळे ते अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत येते आणि त्यावरील निर्बंध कडक आहेत. त्यात निओडिमियम पुरेसे असले, तरी डिस्प्रोशियम व टर्बियम फारच अल्प. आणि शुद्ध ऑक्साइडपासून धातू, मिश्रधातू, चुंबक हे पुढचे टप्पे व्यापारी प्रमाणावर उभेच राहिले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबक देशात तयार व्हावेत, हे तिचे लक्ष्य आहे.

गोमंतकीयांना या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. डिचोली-सांगेच्या खाणींतील खनिज मांडवी-झुवारीतून बार्जने मुरगावात गेले आणि तेथून मोठ्या प्रमाणात चीनला. पोलाद तिकडे घडले, माती-पाण्याची हानी येथे राहिली आणि २०१२ मध्ये काम थांबले तेव्हा अवलंबून असलेली कुटुंबे उघड्यावर पडली. केरळच्या आलप्पाड गावातील लोकही वाळू उपशामुळे जमीन समुद्रात जात असल्याचे सांगत आंदोलनास उतरले होते. त्यामुळे केवळ उपसा वाढवणे हा उपाय ठरू शकत नाही. किनाऱ्याचे रक्षण, थोरियमयुक्त अवशेषांची सुरक्षित साठवण आणि विलगीकरणात पारंगत रसायनतज्ज्ञांची पिढी, हा खर्च चुंबकाच्या किमतीतच धरावा लागेल.

आज टंचाई आहे म्हणून स्वदेशी चुंबकाला ग्राहक मिळेल. पण उद्या चीनने दर पाडले तर? आपले वाहननिर्माते तेव्हाही थोडे अधिक पैसे मोजून देशी माल घेतील काय, आणि सरकार त्यांना तशी खरेदीची हमी मागेल व देईल काय? मोलिकॉर्प टंचाईत उभी राहिली आणि स्वस्ताईत बुडाली. नव्या योजनेची परीक्षाही स्वस्ताईच्या वर्षीच होईल, आणि तिची तयारी आजच्या करारांतच करावी लागेल.