जुना मोबाइल देऊन नवा घेताना

‘जुना मोबाइल द्या, नवा स्वस्तात न्या’ अशी पाटी बीडच्या बाजारात दिसली की आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी आधी हिशेब मांडावा, असे आम्ही सुचवतो.

जुलै 2018 ची जिओची योजना घ्या. जुना साधा फोन देऊन जिओफोन 501 रुपयांत, अशी जाहिरात होती. ही अनामत तीन वर्षांनी परत मिळायची. पण सोबत सहा महिन्यांचे 594 रुपयांचे रिचार्ज होते. म्हणजे गल्ल्यातून 1,095 रुपये जात. 2022 मध्ये याच कंपनीने 6,499 चा जिओफोन नेक्स्ट चालू 4जी फोनच्या बदल्यात 4,499 ला देऊ केला. जुन्या फोनचा भाव झाला 2,000. ज्याचा फोन बाजारात तीन हजारांना जातो, त्याने तो रोखीने विकावा. ज्याला कोणी पाचशेही देत नाही, त्याने खुशाल योजना घ्यावी.

उरलेली रक्कम ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर घेणाऱ्यांनी जपावे. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेनेच 2013 मध्ये बँकांना बजावले होते. रोखीचा भाव व हप्त्यांची बेरीज, दोन्ही लिहून मागावे. फरक म्हणजे व्याजच.

उधारीच्या नोंदी व गिऱ्हाइकांचे नंबर आधी नव्या फोनवर उतरवावेत. पैसे घेण्याचे अ‍ॅप दुकानातच त्यावर चालू करून पाहावे. मगच जुन्यातील गूगल खाते काढून सारे पुसावे, आणि त्याचा आयएमईआय नंबर पावतीवर लिहून घ्यावा. तो *#06# दाबल्यावर दिसतो.